झिजलेली टाच

जिंकली तर तिला एक खिडकी मिळणार होती. लाकडी चौकट, दोन झडपा, त्यातली एक नीट न लागणारी. बाहेर झाडाची एक फांदी, आणि सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत थेट टेबलावर पडणारा पांढरा, फुकटचा उजेड. हरली तर हातचं काहीच जाणार नव्हतं. हिशेब असा सरळसोट होता. त्यात एक घोटा, दोन नडग्या आणि घरातली तीन वर्षांची एक सुखाची व्यवस्था धरायची तेवढी राहून गेली होती.

ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. अकरा वर्षं मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांच्या आड, एका ट्यूबलाइटखाली बसून. ती ट्यूब आधी तीनदा डोळे मिचकावायची आणि मग दिवसभर कण्हत राहायची. चष्म्याचा नंबर चारदा वाढला. शेवटच्या खेपेला डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, काम बदला नाहीतर उजेड बदला. पुढच्या वर्षी चष्मा लिहून देणार नाही मी, घरी बसा म्हणून लिहून देईन." काम सोडायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याइतकं सुख तिला जगात दुसऱ्या कशात मिळत नव्हतं. छापखान्यात मागून सगळे तिला 'अनुस्वार' म्हणायचे: बुटकी, गोल, आणि कायम कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर बसलेली. तिला हे ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं.

तर खिडकीजवळ बसून खिळे जुळवणारे थोरले जुळारी निवृत्त झाले आणि ते टेबल मोकळं झालं. त्यावर दोघांनी हक्क सांगितला. एक ही, आणि दुसरा मुखपृष्ठं करणारा चित्रकार, ज्याला सगळे तोंडावरच रंगराव म्हणायचे. रंगरावाचे पाय बगलेपासून सुरू होतात की काय असं वाटावं इतका तो माणूस लांब होता.

"मला ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा एकच दिसतात हो," रंगराव म्हणाला.

"मला टिंब आणि माशीची घाण एकच दिसते," ती म्हणाली.

मालकांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. जो निर्णय दुसऱ्या कशावर ढकलता येईल तो स्वतः घ्यायचा नाही, या एका तत्त्वावर त्यांनी तीस वर्षं छापखाना चालवला होता. त्या आठवड्यात गावातल्या आठ किलोमीटरच्या धावण्याच्या शर्यतीचे छातीवरचे क्रमांक त्यांच्याकडे छापायला आले होते, आणि त्या कामासोबत दोन प्रवेश फुकट. मालकांचा चेहरा उजळला.

"दोघंही पळा. जो आधी पोचेल त्याची खिडकी."

"मालक! यांच्या एका ढांगेत माझ्या दोन होतात!"

"मग तुम्ही दुप्पट टाका," मालक म्हणाले आणि शाईचा भाव विचारायला फोनकडे वळले. शर्यतीला सहा आठवडे होते.

खरं सांगायचं तर ती घरी गेली ती जवळपास उड्या मारतच. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी कधी शर्यतीत उभंच केलं नव्हतं. दुसरा मजला ती एका दमात चढली, तिने दार उघडलं आणि चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, "अहो, मी पळणार आहे!"

नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून त्याला कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. "कुणाबरोबर?" त्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"रंगरावांबरोबर."

पेपर खाली आला.

सगळं ऐकून झाल्यावर तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "पण खरंच पळ हं तू. बूट मात्र नीट घे. दुकानात रोज दोन तरी जण येतात मलम मागायला, स्वस्तातले बूट घालून पळालेले."

"आहेत ना माझे! तीन वर्षांपूर्वी घेतलेले." ती चपलांच्या मांडणीच्या तळाच्या फळीशी वाकली. तीन वर्षांपूर्वी तिला पळण्याचं असंच एक वेड लागलं होतं. ते आठ दिवस टिकलं आणि बूट तळाला गेले. आता पाहते तर वरून अगदी कोरे, पांढरे, जणू कालच आणलेले.

"ते जुने कशाला घेतेस?" आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. सासूबाई म्हणजे घरातली गुडघेदुखी. तीन वर्षांपूर्वी दुखणं धरलं तेव्हापासून त्या जिना उतरत नसत. सकाळी साडेसहाला सून त्यांना अंथरुणात चहा नेऊन देई, भाजी मुलगा आणी. "नवे घे. छान भारीतले घे. हवं तर अर्धे पैसे मी देते."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई काडेपेटीतल्या काड्या मोजणाऱ्या.

"आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? सुनेने चांगलं पळावं असं वाटू नये का मला? ते जुने ठेव तिथेच. राहू देत. कधी लागतात."

'कधी लागतात' म्हणजे कुणाला, असं तिने विचारायला हवं होतं. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे फक्त खिडकी होती.

गावात पळण्याच्या बुटांचं एकच खरं दुकान होतं, ते मास्तरांचं. मास्तर तरुणपणी लांब पल्ल्याचे धावपटू होते आणि आता वाळलेल्या शेंगेसारखे दिसत. त्यांची ख्याती अशी की आधी जुने बूट मागायचे, ते उलटे करून तळ पाहायचे आणि तुम्ही कसे चालता, कसे उभे राहता, कुठल्या खांद्यावर पिशवी घेता इथपर्यंत सांगायचे. दुपारच्या जेवणाच्या सुटीत ती जुने बूट पिशवीत घालून तिथे पोचली. दुकानात आधीच रंगराव. आरशासमोर, पायांत भगवे-केशरी, पेटल्यासारखे दिसणारे बूट.

"बाई! कसा आहे रंग?"

"रंग छान आहे. पाय मावतोय का?"

"या रंगात हाच नंबर उरलाय. चामडं सैल होतंच की."

"चामडं नाही ते," मास्तर आतून ओरडले. "सैल होणार नाही. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, तुमची बोटं पुढच्या भिंतीला टेकलीत. दुपारी टेकलीत म्हणजे संध्याकाळी पाय फुगल्यावर भिंत पाडतील."

"मास्तर, मी रंगाचा माणूस आहे," रंगराव म्हणाला आणि तेच बूट घेऊन गेला.

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि तिच्याकडे वळले. तिचे बूट हातात घेतले. वरून पाहिले, भुवया उंचावल्या. उलटे केले आणि शीळ घातली.

"वरून नवरीसारखे जपलेत आणि खालून जात्यासारखे झिजवलेत! बाई, या बुटांनी हजार किलोमीटर तरी कापलेत की हो."

आता इथे थांबून पाहिलं पाहिजे. तिला पक्कं आठवत होतं की त्या बुटांनी आठ दिवसांत दूधकेंद्रापर्यंतच्या आठ फेऱ्या केल्या होत्या. सगळे मिळून बारा किलोमीटर, तेही अर्धे चालत. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात एवढी मोठी चूक दिसली असती तर तिने लाल पेनाने कागद फाडला असता. पण मास्तर तिच्याकडे पाहत होते ते एका धावपटूने दुसऱ्या धावपटूकडे पाहावं तसे. अकरा वर्षांत तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

"असेल," ती म्हणाली. "मोजलं नाही कधी."

"वाटलंच! मोजणारे वेगळे आणि पळणारे वेगळे." मास्तर खुशीत आले. "हे बघा. टाच आतल्या बाजूने झिजलीय, डावी जास्त. चवड्याचीही आतलीच कड गेलीय. म्हणजे पाऊल टेकलं की आत कलतं, कमान बसते. तुम्हाला आतून टेकू असलेला बूट हवा, घट्ट पाठीचा. जरा त्या दिव्याच्या खांबापर्यंत पळून दाखवा बरं."

तिने रस्त्याकडे पाहिलं. भर दुपार, समोर बसथांब्यावर माणसं, आणि पानाच्या टपरीशी रंगराव उभा. "आत्ता नको, सुटी संपत आलीय. तुम्ही तळ वाचलात ना?"

"तळ वाचला म्हणजे माणूस वाचला," मास्तर म्हणाले. त्यांनाही दुसरं गिऱ्हाईक होतं.

नवे बूट राखाडी, भक्कम, आतल्या बाजूला टणक. पहिल्या सकाळी ती पळाली तेव्हा मनातून उडतच होती. पण पायांचं काही वेगळंच चाललं होतं. प्रत्येक पावलागणिक बूट तिला बाहेरच्या अंगाला लोटत होता. गर्दीत कुणी खांदा लावून बाजूला सारावं तसा. चौथ्या दिवशी घोटा बाहेर मुरगळला. आठव्या दिवशी नडग्यांची बाहेरची कड अशी ठणकायला लागली की प्रुफं वाचता वाचता ती टेबलाखाली पाय चोळायची.

"मुरतील बूट," ती स्वतःला सांगायची. हजार किलोमीटर पळणारी बाई आहे मी.

नवरा मलम आणायचा. रंगराव रोज सकाळी मुद्दाम मागच्या खोलीच्या दारातून भगव्या बुटांचा पाय आत घालायचा आणि विचारायचा, "बाई, खिडकीला पडदा कुठला लावू? निळा की जांभळा?"

"तुम्हाला दोन्ही एकच दिसतात ना? कुठलाही लावा."

पण आवाजात जोर नव्हता. दोन आठवडे झाले होते आणि दोन किलोमीटरच्या पुढे ती गेलीच नव्हती. पंधराव्या दिवशी अकराच्या सुमारास जिन्यात तिचा पाय असा कळवळला की मालकांनी तिला घरी पाठवलं.

घराच्या कोपऱ्यावर एक लहान बाग आहे, तिच्याभोवती गोल वाट. ती बाकावर टेकली, बूट सैल केले, डोळे पुसले. खिडकी गेली, असं तिने मनाशी पहिल्यांदाच कबूल केलं. आणि तेवढ्यात समोरच्या वळणावरून एक पांढरा अंबाडा झपाझप येताना दिसला. कोपर वाकवलेले, मुठी मागेपुढे, मान ताठ. दोन तरुण मुलींना मागे टाकत तो अंबाडा बाकासमोरून गेलासुद्धा, आणि त्याच्या पायांत पांढरे, नवरीसारखे जपलेले बूट होते.

ती हाक मारणार, तोच तिची नजर पावलांवर गेली. पाऊल टेकत होतं आणि आत कलत होतं. डावं जास्त. टाच, चवडा, आतली कड. मास्तरांनी वाचलेला मजकूर शब्दन् शब्द तिच्यासमोर चालत होता. तळ खरंच बोलत होता! फक्त ज्या बाईविषयी बोलत होता ती ही नव्हती.

दुखरा पाय विसरून ती ताडकन उठली. "आई!"

अंबाडा थांबला. सावकाश वळला. आणि सुनेला पाहताच सासूबाईंचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"आई गं," त्या विव्हळल्या.

"राहू द्या, आई. मी अख्खी फेरी पाहिलीय."

सासूबाईंनी हात काढला, अंगावरचं सारखं केलं आणि बाकावर येऊन बसल्या. "कितवी पाहिलीस?"

"म्हणजे?"

"ही सहावी होती. रोज सात मारते."

मग सासूबाईच म्हणाल्या, "गुडघे दुखत होते गं. खोटं नव्हतं ते. डॉक्टर म्हणाले चाला. तुझे बूट पडून होते, माझ्याच मापाचे. चालले. सहा महिन्यांत बरे झाले."

"आणि पुढची अडीच वर्षं?"

"सांगायचं राहून गेलं."

"अडीच वर्षं राहून गेलं?"

"रोज वाटायचं उद्या सांगू. आणि रोज सकाळी चहा यायचा." त्यांनी बुटावरची धूळ ओच्याने पुसली, म्हणजे वरचं अंग असं कोरं राहायचं होय. "चाळीस वर्षं मी या घरात सगळ्यांच्या आधी उठले. कुणी माझ्या आधी उठलंय, भांड्यांचा आवाज करतंय आणि मी पडून तो ऐकतेय, हे सुख काय असतं ते तुला नाही कळायचं. अजून वीस वर्षांनी कळेल."

तिला रागवायचं होतं. पण त्याआधी हसू फुटलं, आणि ते आवरेचना. गेले दोन आठवडे तीसुद्धा असंच काहीतरी न सांगता मिरवत होती की! मास्तर हजार किलोमीटर म्हणाले आणि ही 'असेल' म्हणाली. ती एक चूक दुरुस्त केली असती तर दोन आठवडे नडग्या ठणकल्या नसत्या.

"त्याला सांगणार आहेस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही. पण आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर मास्तरांकडे चला. बूट घालूनच."

मास्तरांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि त्यांचा शेंगेसारखा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात!"

"मी काहीच बोलले नाही, मास्तर."

"तेच ते! आणि मीही कसला शहाणा, पळवून न पाहता तळ वाचत बसलो." त्यांनी मागून एक परात आणली, तीत पाणी ओतलं, जमिनीवर पुड्याचा तपकिरी कागद पसरला. "पाय बुडवा आणि यावर उभ्या राहा. एकेक जणी."

आधी सासूबाई. कागदावर पाऊल उमटलं ते भरगच्च, टाचेपासून बोटांपर्यंत सलग, फुगलेल्या पोळीसारखं. मग ती. तिचं पाऊल म्हणजे टाच एका गावात आणि चवडा दुसऱ्या गावात. दोघांना जोडणारी बाहेरच्या कडेची एक बारीकशी वाट.

"अहाहा!" मास्तर उकिडवे बसून म्हणाले. "कमान बघा! पूल आहे पूल! या पावलाला आतून टेकू दिला म्हणजे उभ्या माणसाला बाहेर ढकललंच की. तुम्हाला टेकू नको, बाई, गादी हवी. आणि हे राखाडी बूट..." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी ते आधीच पायांत चढवले होते. दुकानात इकडून तिकडे गेल्या. परत आल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे तर मला धरून चालतायत."

"यांचे पैसे?" सुनेने विचारलं.

"मी दिले की निम्मे. उरलेले निम्मे देते. मी काही फुकटी नाही."

मग मास्तरांनी तिच्यापुढे तीन खोकी मांडली. "संध्याकाळ नसली तरी चालून पाय फुगलेत, हीच वेळ माप घ्यायची. उभं राहून, बसून नाही. आता एकेक घालून त्या खांबापर्यंत पळा. आणि या खेपेला लाजायचं नाही."

बसथांब्यावर गर्दी होती. ती कामाच्या कपड्यांत, खांद्याला पर्स, भर रस्त्यावर पळाली. पहिला बूट मऊ होता पण टाच आत हलत होती. दुसरा बोटांपाशी अरुंद. तिसरा घालून ती खांबापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि दारातून आत न येता तशीच पुढे निघून गेली, पार पेट्रोलपंपापर्यंत. परतली तेव्हा धापा टाकत हसत होती.

"काय वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

"कशाचं?"

"बुटाचं!"

"विसरलेच."

"हाच," मास्तर म्हणाले आणि खोक्याचं झाकण लावलं. "जो आठवत राहतो तो आपला नव्हे." तो बूट ओल्या चिखलाच्या रंगाचा होता आणि वर्षभर कुणी घेतला नव्हता.

पुढचे पाच दिवस तिने नडग्यांना विश्रांती दिली. त्यानंतर बागेतल्या वाटेवर रोज सकाळी अकराला नव्हे, तर संध्याकाळी सहाला दोन बायका दिसू लागल्या, नवरा दुकानातून यायच्या आत. एक पळणारी, दुसरी हातात घड्याळ घेऊन आतल्या लहान वर्तुळातून झपाझप चालणारी.

"पावलं लांब टाकू नकोस! तो रंगराव का आहेस तू? आखूड टाक, पटपट टाक! कांदा चिरतेस तशी!"

"आई, श्वास..."

"बोलता येतंय म्हणजे श्वास आहे. चल, अजून एक!"

तीन किलोमीटर. पाच. सहा. एका संध्याकाळी साडेसात किलोमीटर झाले आणि दोघींनी वाटेतच एकमेकींना मिठी मारली. आणि रोज सकाळी साडेसहाला ती नेमाने अंथरुणात चहा नेऊन देत राहिली. फक्त आता कप ठेवताना म्हणायची, "सावकाश हं आई, गुडघे," आणि सासूबाई पांघरुणात तोंड खुपसून हसायच्या.

शर्यतीच्या सकाळी नवऱ्याने घडीची खुर्ची उचलून आणली आणि शेवटच्या वळणावर, दोरीच्या कडेला आईसाठी मांडली. आईला त्याने दोन मजले हाताला धरून, एकेक पायरी उतरवलं होतं. सासूबाईंनी प्रत्येक पायरीला न चुकता "हुश्श" केलं. मालक आले होते, मास्तर आले होते. रंगराव पेटलेल्या बुटांत उभा होता आणि जरा जास्तच सरळ उभा होता.

"बोटं कशी आहेत?" तिने विचारलं.

"आहेत," रंगराव म्हणाला.

शिट्टी वाजली. रंगराव चार ढांगांत दिसेनासा झाला. त्याचं पाऊल मात्र ऐकू येत राहिलं. टाच आपटत पळायचा तो, चटाक् चटाक्, लांबून ओळखू यावं असं. तिने तो आवाज कानात धरून ठेवला आणि आपली पावलं कांद्यासारखी चिरत राहिली. दुसरा किलोमीटर. तिसरा. पूल, पुलाचा चढ, उतार. पाय कुठे आहेत याचा पत्ता नव्हता. बूट तर नव्हतेच जणू. चौथ्याला चटाक् चटाक् जवळ आलं. पाचव्याला पाठ दिसली. सहाव्याला रंगराव पदपथाच्या कडेला बसला होता, एक बूट हातात, आणि पायाच्या बोटांकडे असं पाहत होता जणू त्याने नवीनच एखादा रंग शोधलाय.

"कोणता आहे?" तिने पळता पळता विचारलं.

"जांभळा!" तो कळवळून ओरडला. "यात शंका नाही, जांभळा!"

तिला हसू आवरेना. सातवा किलोमीटर. मागे काही अंतरावर पुन्हा एकदा चटाक् झालं, लंगडं, आणि मग बंद पडलं. गेला बिचारा, तिने मनात म्हटलं. छाती भात्यासारखी चालली होती. समोर मैदान, शेवटचं वळण, दोरी, माणसं. आता चटाक् नव्हतं म्हणजे मागे कुणी नव्हतं. तिने वेग जरासा उतरवला. लोकांकडे पाहून हात हलवावासाही वाटला. खिडकीला पडदा लावायचाच नाही, असं तिने ठरवलं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना सून दिसली, आणि सुनेच्या मागे तीस हातांवर रंगराव दिसला. बूट दोन्ही हातांत, पायांत फक्त मोजे, आणि त्या मोज्यांवर तो हरणासारखा येत होता. कसलाही आवाज न करता.

"अगं मागे!" त्या खुर्चीतूनच ओरडल्या. गर्दीच्या कालव्यात कुणाला ऐकू गेलं नाही. "अगं, मोज्यांवर येतोय तो!" सून हात हलवत होती. वीस हात. पंधरा.

आणि मग मुलाच्या देखत, मालकांच्या देखत, मास्तरांच्या आणि अर्ध्या गावाच्या देखत तीन वर्षांचे गुडघे खुर्चीतून उठले. सासूबाईंनी दोरी एका हाताने वर केली, खालून निघाल्या आणि राखाडी बुटांवर सुनेच्या बरोबरीने पळत सुटल्या. चालत नव्हत्या, पळत होत्या.

"पळ, मुली! मागे बघू नकोस! आखूड, आखूड, पटपट! खिडकी गेली बघ, पळ!"

तिने पाहिलं, शेजारी अंबाडा. अंबाडा, इथे, सगळ्यांसमोर! त्यावरूनच तिला कळलं की मागे काय असेल ते. ती पळाली. अशी पळाली की चष्मा नाकावरून उडून गळ्यातल्या दोरीने छातीवर आपटत राहिला, आणि समोरची रेघ, माणसं, झेंडे सगळं एकच धूसर झालं. डाव्या कानाशी आईंचा आवाज होता, उजव्या कानाशी मोज्यांचा बारीक सरसर आवाज येऊ लागला होता, आणि मग पायाखालून पांढरी रेघ गेली.

दोन पावलांनी. तिच्या दोन, म्हणजे रंगरावाच्या एका.

तिघंही मैदानात आडवी पडली. हसत, खोकत, एकमेकांना "पाणी, पाणी" म्हणत. मास्तर धावत आले ते थेट सासूबाईंच्या पायांशी बसले आणि म्हणाले, "काय पडतंय पाऊल आता! सरळ!"

नवरा मागे घडी केलेली खुर्ची घेऊन उभा होता. तो आईच्या गुडघ्यांकडे पाहत होता, मग बायकोकडे, मग पुन्हा गुडघ्यांकडे. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेला माणूस, पण हा गुण कुठल्या मलमाचा ते त्याला सांगता येईना.

"आई," तो शेवटी म्हणाला, "मी तुला दोन मजले धरून उतरवलं आज."

"हो ना रे," सासूबाई म्हणाल्या. "छान धरलंस."

सोमवारी टेबल हललं. ट्यूबलाइट रंगरावाच्या वाट्याला गेली. मात्र रोज एक ते दोन, ती डबा खायला उठते तेव्हा, त्याने रंगांच्या बाटल्या खिडकीत आणून बघायच्या असं दोघांनी आपसांत ठरवलं. मालकांनी यावर निर्णय घेतला नाही.

आता ही खिडकी कोणाला कितीला पडली ते पाहू. रंगरावाला पायांची दोन नखं पडली आणि एक मोज्यांचा जोड. भगवे बूट त्याने टेबलावर ब्रश ठेवायला मांडलेत. रंग खरंच छान आहे. मास्तरांना त्यांचा तोरा पडला: दुकानात आता दाराशीच पाण्याची परात असते, आणि खांबापर्यंत पळाल्याशिवाय राजालासुद्धा बूट मिळत नाही. नवऱ्याला काहीच पडलं नाही, उलट भाजी आणायचं काम सुटलं. तिला दोन आठवड्यांच्या नडग्या पडल्या, आणि त्या तिने कधीच विसरून टाकल्या.

खिडकीची खरी किंमत सासूबाईंनी दिली. अजूनही देतात, रोज सकाळी साडेसहाला, सगळ्यांच्या आधी उठून, तीन कप.